नाव विचारलं नव्हतं

आमच्या ऑफिसात दर वर्षी सर्व्हे होतो. इथं खूश आहात का, मॅनेजर ऐकून घेतो का, वगैरे. यंदा त्याचा डॅशबोर्ड मी बनवला. फॉर्मवर नाव विचारलं नव्हतं. पण टीम, वय आणि नोकरीची वर्षं असे तीन फिल्टर लावले की काही ठिकाणी एकच माणूस उरायचा. तपासायला मी माझीच माहिती टाकली. माझं उत्तर लगेच सापडलं. सगळ्याला पाचपैकी चार! खरं मत तसं नव्हतं.

मी वाळवा तालुक्यातला. आज हा तालुका सांगलीत आहे, पण १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. आणि साताऱ्यानं सरकारी प्रश्नांची धास्ती फार पूर्वी अनुभवली आहे.

१८४८मध्ये डलहौसीनं दत्तक वारस नाकारला आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. १८५२च्या कायद्यानं दख्खन, खानदेश, दक्षिण मराठा मुलूख आणि नव्यानं खालसा झालेल्या भागांतल्या इनामांची चौकशी इनाम कमिशनकडे आली. प्रश्न साधा होता: जमीन कुणी दिली, कागद कुठं आहे? पण विचारणारं सरकार, निकाल देणारं सरकार आणि इनाम गेलं तर सारा घेणारंही सरकारच. त्या निकालाविरुद्ध दिवाणी कोर्टात जायची सोय नव्हती. कागद दाखवावा तर त्यातलीच ओळ अंगाशी यायची भीती, न दाखवावा तर हक्कच बुडायची.

शेवटी १८६३च्या कायद्यांनी सरकारनं तडजोड काढली: दर वर्षी ठरलेली रक्कम भरा, मग हक्काची चौकशी नाही.

सर्व्हेतली खरी अडचण ही आहे. आपण प्रश्नांची भाषा घासूनपुसून घेतो, पण उत्तर देणारा आधी पाहतो, की हे कुणाच्या हातात जाणार आणि तो त्याचं काय करणार. संगणकशास्त्रज्ञ लताण्या स्वीनी यांनी २०००मध्येच दाखवलं होतं, की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर बहुतेक अमेरिकन माणसं ओळखता येऊ शकतात. आमचे फिल्टर त्याचेच भाऊबंद.

मी दहापेक्षा कमी माणसांचे गट दिसणं बंद केलं. एका मॅनेजरनं विचारलं, "मग मला उपयोग काय?" कच्ची फाईल मात्र अजून सर्व्हरवर आहे. ती कोण उघडू शकतं, त्यावर पुढच्या वर्षी मी चार देईन की खरं उत्तर, ते ठरेल.