तगर नगरींतील मातीचे चेहरे

मुखवटा म्हटला कीं आपल्याला भाद्रपदांतील गौरीचा पितळी चेहरा आठवतो, किंवा जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्याचीं सोंगें. आफ्रिकेंतील बेनिन राज्याचा हस्तिदंती मुखवटा याहून निराळा. सोळाव्या शतकाच्या आरंभींचा हा चेहरा राजमाता इदिया हिचा मानतात. राजा तो तोंडावर न लावतां अंगावर धारण करी. चर्या शांत, पापण्या जड. आणि मस्तकावर दाढीवाल्या पोर्तुगीजांच्या चिमुकल्या शिरांची माळ! सागरापलीकडून आलेला परका व्यापारी कारागिरानें असा राणीच्या अलंकारांत गुंफून टाकला.

आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवाचीही हीच कथा, मात्र दीड हजार वर्षें आधींची. तेर म्हणजे प्राचीन तगर, हें फ्लीटसाहेबांनीं १९०१ सालीं साधार दाखविलें. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर सांगितलें असून, तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाई. त्या व्यापारानें तेरच्या कुंभारांस एक नवी युक्ति दिली, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. पांढऱ्या, मऊ केओलिन मातीची मूर्ति पुढचा व मागचा अशा दोन साच्यांत घडवून मग सांधावयाची. ती आंतून पोकळ राहते. माती थोडी लागते आणि भट्टींत तडकण्याचें भय कमी. साच्याची कल्पना रोमन असेल, पण त्यांतून निघालेला चेहरा दख्खनचाच आहे. भरलेले गाल, किंचित् स्मित करणारे ओठ, कानांत जड कुंडलें आणि केशरचनेचा तर असा थाट कीं आजच्या सुवासिनींनींही हेवा करावा. पुढें याच गांवीं डोकीं थापटून संतांचें कच्चेंपक्केंपण पारखणारे गोरोबाकाका झाले, हा योगायोग मोठा गोड आहे.

तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्तिही मिळाली. तिच्याच जातीची, भारतीय घडणीची दुसरी मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें सांपडली. तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेव्हां आपल्याकडील हस्तिदंत त्यापूर्वींच तेथें पोंचला होता, हें उघड आहे.

पाँपेईची मूर्ति व्यापारानें गेली. बेनिनचा मुखवटा मात्र १८९७ च्या इंग्रजी स्वारींत लुटला गेला. १९७७ सालीं लागोसच्या कलामहोत्सवानें तो आपलें बोधचिन्ह म्हणून घेतला, पण लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमनें मूळ मुखवटा उसनाही दिला नाहीं. तेरवर असा प्रसंग आला नाहीं, याचें बरेंचसें श्रेय एकाच गृहस्थाकडे जातें. गांवाभोंवतींच्या पांढरींतून निघणारे मणी, नाणीं, फुटक्या मूर्ति इतरांस खापरें वाटत असतां तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं तीं वर्षानुवर्षें जमविलीं. हा संग्रह पुढें शासनाकडे आला, आणि ती हस्तिदंती स्त्री आज त्यांच्याच नांवाच्या संग्रहालयांत, तेरमध्येंच आहे.