उलट्या वजाबाकीची कुळकथा

एसटी(३) या रजिस्टरात ३ आहेत, एसटीमध्ये १०. पहिल्यातून दुसरे वजा करायला ग्नू असेंबलरच्या रूढ एटी अँड टी पद्धतीत एफसब लिहिले, तर उत्तर यायला हवे उणे ७, येते ७. भागाकार लिहिला तर ०.३ ऐवजी ३.३३. बेरीज-गुणाकार मात्र बिनघोर, तिथे मागचेपुढचे झाले तरी बिघडत नाही.

ही खोड ग्नूची स्वतःची नव्हे, वारशाने आलेली. मूळ शोधायचे तर इंटेलच्या ८०८७ पर्यंत जावे लागते. १९८० सालच्या या गणिती चिपमध्ये आठ रजिस्टरांची चळत होती, सगळ्यात वरचे एसटी. वजाबाकीच्या आज्ञा दोन: सुलटी एफसब, उलटी एफसबआर. चिपला मात्र नावे कळत नाहीत, बाइट कळतात. दुसरा बाइट ई० ते ई७ मधला असला की ती एसटीतून खालचे रजिस्टर वजा करते, बस्स. उत्तर वर ठेवायचे की खाली, हे पहिला बाइट ठरवतो: डी८ म्हणजे वर, डीसी म्हणजे खाली. उत्तर खाली जाणार असेल तेव्हा इंटेलच्या पुस्तकात याच कृतीला एफसबआर म्हणतात. एटी अँड टीच्या युनिक्स असेंबलरने नाव बदललेच नाही, एफसबच ठेवले. युनिक्सवेअरमध्येही तेच चालू राहिले.

जीसीसी कंपायलरने त्या असेंबलरांशी हिशेब जुळवून घेतला आणि तिथे गाठ बसली. असेंबलर सुधारावा तर जीसीसीचा कोड चुकतो, जीसीसी सुधारावा तर असेंबलर चुकवतो. जीसीसीच्या सोर्समध्ये यासाठी 'एसवायएसव्ही३८६ कॉम्पॅट' नावाचा मॅक्रो आहे. शेजारच्या टिपणीत हाच पेच मांडलाय, आणि जुन्या असेंबलरांचा उद्धारही यथास्थित केलाय. ग्नू असेंबलरचे मॅन्युअल तर या प्रकाराला सरळ बग म्हणते आणि आता इलाज नाही, असे सांगून मोकळे होते. नंतर आलेल्या एलएलव्हीएम कंपायलरनेही मुकाट्याने तीच रीत उचलली. माझ्या मते शहाणपणा केला. एकट्याने बरोबर असण्यात इथे काहीच हशील नव्हते.

पळवाटा आहेत. इंटेलचीच नावे वापरण्याचा हुकूम ग्नू असेंबलरला देता येतो. नाहीतर नावाच्या भानगडीत न पडता 'डॉट बाइट' लिहून डीसी, ईबी हे दोन बाइट थेट ठेवायचे. चिप बिनचूक उणे ७ काढते. मग खातरजमेसाठी बाइटांवरून आज्ञांची नावे छापणारा ऑब्जडंप चालवावा, तर तो नेहमीच्या रीतीने त्याच बाइटांपुढे एफसबआर छापतो.