चवदार तळ्याचा दावा आणि परदेशी कायद्याची उसनवारी

देश आपली न्यायव्यवस्था नव्याने उभारतो, तेव्हा परदेशी तज्ज्ञांचे किती ऐकावे? आजचा थ्रेड या प्रश्नावर. वाट वॉशिंग्टनपर्यंत जाते, पण निघायचे आहे महाडहून.

मी पोलादपूरचा. शाळेच्या सहलीत चवदार तळे पाहिले, सत्याग्रहाची गोष्टही ऐकली. त्यानंतर दहा वर्षे चाललेल्या दाव्याविषयी मात्र कोणी काही सांगितले नव्हते.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला : सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्याले, तेव्हा त्यांना मार खावा लागला आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. म्हणून त्या महिन्याच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्याला कोणी हात लावला नाही.

दावा महाडात १९३१ साली आणि ठाण्याच्या अपिलात १९३३ साली आंबेडकरांच्या बाजूने लागला. उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. सत्याग्रहाला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते. निकाल देणाऱ्यांपैकी एक न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. होय, १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच!

या निकालाचा पाया नीट पाहायला हवा. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. रूढी प्राचीन, निश्चित आणि वाजवी असावी, ही कसोटी इंग्लंडच्या कायद्यातून आलेली. तिकडे ‘अनादी’ची सीमा ११८९ हे साल! म्हणजे महाडचे पाणी पुराव्याच्या उणिवेवर खुले झाले. वहिवाटीचा भक्कम पुरावा सापडला असता तर? हा प्रश्न निकालाने मिटवला नाही.

उसना कायदा तपासून घ्यायचा असतो, हे आंबेडकरांना उमगले होते. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी व रेट्टमलै श्रीनिवासन यांनी मांडलेल्या मागण्यांत समान हक्कांचे कलम अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवर बेतलेले आहे, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या तरतुदी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावर. दुखणे इथले, औषध जिथे मिळेल तिथले.

१९४७ च्या अखेरीस संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंडला गेले. (ब्रह्मदेशाच्या घटनेच्या कामात त्याच वर्षी यांनीच मदत केली होती, सल्ला घेणाराही सल्ला देत होता.) अमेरिकेचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना ‘ड्यू प्रोसेस’पासून सावध केले : त्यामुळे लोकनियुक्त विधिमंडळाचे कायदे मोडीत काढण्याची सत्ता न्यायाधीशांच्या हाती जाते. मसुदा समितीने ते शब्द गाळून जपानच्या नव्या घटनेतील ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हा प्रयोग स्वीकारला. फ्रँकफर्टर आपल्या देशातील अनुभवातून बोलत होते, आणि तिथे तो खराही होता. पण मनमानी अटकेचे काय? त्याची भरपाई म्हणून आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये आजचे अनुच्छेद २२ आणले : अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा हक्क, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजेरी.

माझ्या मते या साऱ्या देवघेवीतली सर्वात महत्त्वाची जागा मात्र अनुच्छेद १५(२) आहे. १८७५ चा तो अमेरिकी कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली रद्दबातल केला होता. कारण घटनेचे बंधन राज्यांवर, खासगी माणसांवर नाही. महाडात वाट अडवणारे तर शेजारीच होते. आपल्या घटनेत १५(१) राज्यसंस्थेला बांधते. १५(२) मध्ये ‘राज्य’ हा कर्ताच नाही. जातीच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला अटकाव होता कामा नये अशा जागांची तिथे यादी आहे : दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते.

बोले यांच्या ठरावाशेजारी ही यादी ठेवून वाचा.