अवधान

उसाच्या पाचटाने बोट चिरले आणि पिकले, की काखेत अवधान येते. पिंपळीच्या शिवारात खुरपे चालवणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावे लागत नाही. हातातले विष रसवाहिन्यांच्या वाटेने वर चढते व काखेतल्या गाठींपाशी अडते. दुर्दैवाने स्तनाचा कर्करोगही हीच वाट धरतो. फरक एवढाच, की अवधान ठणकते आणि ही गाठ बहुधा दुखतच नाही.

म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉल्स्टेड या शस्त्रवैद्याने स्तनाबरोबर छातीचे स्नायू काढून काखही साफ करण्याची रीत घातली. ती कित्येक दशके चालली. काख रिकामी झालेल्या पुष्कळ बायकांचा हात पुढे जन्मभर सुजलेला राही. ज्यांच्या काखेत रोग पोचलाच नव्हता, त्यांनी ही शिक्षा का भोगावी?

बर्लिनचे आल्बर्ट सालोमन यांनी कापून काढलेल्या ३,००० स्तनांची क्ष-किरण चित्रे घेतली, आणि छायेतली गाठ व काखेतला प्रसार यांचा मेळ घालून पाहिला. १९१३ साली तो निबंध छापला गेला. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा अवघी अठरा वर्षे झाली होती! पण सालोमन ज्यू होते. १९३३ साली विद्यापीठ सुटले, १९३८ साली छळछावणी नशिबी आली, १९३९ साली त्यांनी हॉलंड गाठले. चित्रकार मुलगी शार्लोट मात्र १९४३ साली आउश्विट्झमध्ये मारली गेली.

आज सोनोग्राफीने काख पाहतात. गाठीची कड जाड दिसली, मधली चरबी हरपली, की सुई घालून खात्री करतात. तथापि दोन मिलिमीटरहून बारीक रोगकण छायेत सहसा उमटत नाहीत. त्यासाठी वाटेतली पहिली गाठ काढून तपासावी लागते. ती हुडकायला निळा रंग वा किरणोत्सारी द्रव्य हवे. ते सगळीकडे कुठून आणावे? परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी काखेच्या खालच्या भागातला ठरावीक मेदच गाठींसकट काढून तपासण्याची साधी रीत पारखली, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ती रंगाच्या रीतीला तोडीस तोड ठरली. मला याचे फार कौतुक वाटते.

२०२३ साली मिलानहून आणखी एक निकाल आला. रोगाची गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतच आणि काखेची सोनोग्राफी निर्दोष, अशा १,४०५ स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांच्या काखेला शस्त्रच लावले नाही. तरी पाच वर्षांत रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण वाढले नाही. आपल्याकडे मात्र न दुखणारी गाठ पुष्कळदा चांगली मोठी होऊनच दवाखान्याची पायरी चढते. तिला ही सूट लागू नाही.