संथ होता म्हणून पडला? ‘अपराजितो’ आणि १९५६चा प्रेक्षक

‘चित्रपट फार संथ आणि उदास होता, म्हणून लोकांनी नाकारला.’ चित्रपटांच्या इतिहासावरचं काहीही वाचायला घ्या, हे वाक्य कुठे ना कुठे भेटतंच. ऐकायला पटतं, म्हणून आपण पुढे जातो. पण संशोधन करायचं असेल तर नेमकं इथेच थांबायला हवं. ‘संथ’ हे कारण आहे, की खरं कारण सापडलं नाही म्हणून चिकटवलेलं लेबल? आज एका उदाहरणावरून हे बघू: सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’.

आधी घटनाक्रम. २६ ऑगस्ट १९५५ला कलकत्त्यात ‘पथेर पांचाली’ लागला. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता, पण तोंडी प्रसिद्धीनं थोड्याच दिवसांत गर्दी झाली आणि चित्रपट चालला. मग ११ ऑक्टोबर १९५६ला त्याचा पुढचा भाग, ‘अपराजितो’, आला. दिग्दर्शक तेच, सुब्रत मित्रांचा कॅमेरा, रविशंकरांचं संगीत, आईच्या भूमिकेत पुन्हा करुणा बॅनर्जी. हा मात्र तिकीटबारीवर पडला.

आता गंमत बघा. ‘संथ’ हेच कारण असेल तर ‘पथेर पांचाली’ही पडायला हवा होता. तोही तितकाच संथ, तितकाच गरिबीत रुतलेला. त्यात तर म्हातारी इंदिर ठाकरुण जाते आणि दुर्गाही जाते. म्हणजे वेग आणि दुःख या दोन गोष्टी दोन्हीकडे जवळपास सारख्या, निकाल मात्र उलटा. अशी जोडी हाताला लागली की सोडायची नाही. जे दोन्हीकडे सारखं आहे ते बाजूला ठेवायचं आणि काय बदललं ते शोधायचं.

बदललं ते शोकाचं रूप. ‘पथेर पांचाली’त हरिहर परगावाहून येतो, दुर्गासाठी आणलेली साडी दाखवतो, आणि सर्बजया कोसळते. तिच्या रडण्याचा आवाज काढून रायनी तिथे तारशहनाई वाजवली आहे. दुःख थेट अंगावर येतं आणि प्रेक्षकाला रडायला जागा मिळते. घरातले सगळे एकाच दुःखात आहेत, आणि आपणही त्यांच्यात.

‘अपराजितो’त असं होत नाही. वडील काशीत वारतात. आई एका श्रीमंताच्या घरी स्वयंपाकाला राहते आणि पुढे अपूला घेऊन खेड्यात येते. अपू शाळेत चमकतो, शिष्यवृत्ती मिळवतो, कलकत्त्याला जातो, रात्री छापखान्यात काम करून कॉलेज करतो. त्याचं घरी येणं कमी कमी होत जातं. तो वाईट मुलगा नाही. एकदा तर स्टेशनवर गाडी समोर असताना तो परत फिरतो आणि गाडी चुकली असं आईला सांगतो, एक दिवस जास्त राहता यावं म्हणून. पण शहर त्याला ओढतंय. इकडे आई आपलं आजारपण लपवते, झाडाखाली बसून जाणाऱ्या गाड्या बघते. एका रात्री तिला अपूची हाक ऐकू आल्याचा भास होतो. ती दारात येते, तर समोर फक्त काजवे. अपू पोचतो तेव्हा घर रिकामं असतं. तो रडतो. पण आजोबांच्या वयाचे नातेवाईक ‘इथेच राहा, भिक्षुकी कर’ म्हणतात तेव्हा तो ऐकत नाही. विधी कालीघाटला करीन म्हणतो, आणि चालू लागतो.

विभूतिभूषण बंदोपाध्यायांची कादंबरी तर आणखी पुढे जाते. आई गेल्याचं कळल्यावर अपूच्या मनात सगळ्यात आधी सुटल्यासारखी भावना येते, आणि त्या भावनेनं तो स्वतःच हादरतो. रायना हाच भाग सर्वांत जास्त खुणावत होता. आणि चित्रपट का पडला याचं त्यांनी नंतर दिलेलं कारणही इथेच येऊन थांबतं: आई आणि मुलगा म्हणजे फक्त माया आणि भक्ती, या ठरलेल्या कल्पनेला धक्का बसला आणि शहरी प्रेक्षक दुखावला.

ही कल्पना फक्त बंगालची नव्हती. १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. तिथेही गरीब घर, तिथेही आईचा मृत्यू. पण सान्यांच्या श्यामचं मोठेपणच आईची आठवण सांगत राहण्यात आहे. अपूचं मोठं होणं आईपासून दूर जाण्यात आहे. दोन्ही मुलांचं आईवर प्रेम आहे, पण एकाचा शोक समाजाला ओळखीचा आहे आणि दुसऱ्याचा अडचणीचा.

मग झालं का उत्तर? थांबा. रायचं म्हणणं हा एक स्रोत आहे, निकाल नव्हे. दिग्दर्शक आपल्या अपयशाचा अर्थ लावतो तेव्हा तो साक्षीदार असतो आणि पक्षकारही. म्हणून पर्यायी कारणं मांडायलाच हवीत. एक तारखेतच दडलंय. १४ ऑक्टोबर १९५६ म्हटलं की आपल्याला नागपूर आणि धम्मदीक्षा आठवते, आणि तो दिवस विजयादशमीचा होता. म्हणजे त्याच्या तीन दिवस आधी कलकत्त्यात दुर्गापूजा रंगात होती. त्या दिवसांत एका एकाकी आईच्या मरणाची गोष्ट कोणाला बघावीशी वाटणार? दुसरं, कादंबरीतली लीला चित्रपटात नाही, त्यामुळे प्रेमकथेचा धागाच नाही. तिसरं, दुर्गासारखं सगळ्यांना लळा लावणारं पात्र इथे नाही. रायचं कारण मला यांत सर्वांत वजनदार वाटतं, कारण ते चित्रपटाच्या गाभ्याशी जाऊन भिडतं. पण बाकीची मांडली नाहीत तर ते वजन दिसणारच नाही.

शिवाय ‘प्रेक्षक’ हा शब्द एकवचनी आहे, प्रेक्षक तसे नसतात. मृणाल सेनना हा चित्रपट फार मोलाचा वाटला. १९५७ला व्हेनिसमध्ये रेने क्लेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षकांनी त्याला सुवर्णसिंह दिला, तोही कुरोसावा आणि व्हिस्कोन्ती स्पर्धेत असताना. तिथल्या परीक्षकांना शहाणं आणि कलकत्त्याच्या प्रेक्षकांना अडाणी ठरवणं सोपं आहे, पण चूक आहे. व्हेनिसमध्ये तो परक्या मुलाची गोष्ट म्हणून पाहिला गेला. कलकत्त्यात तो पाहणाऱ्यांत खेड्यात आई ठेवून आलेले कितीतरी अपू असणार. ज्याला चित्रपट सर्वांत जवळून लागतो, त्याचं तोंड फिरवणं हीसुद्धा प्रतिक्रियाच असते.

या प्रतिक्रियेचे परिणामही झाले. रायनी अपूची गोष्ट लगेच पुढे नेली नाही. मध्ये ‘पारश पाथर’ आणि ‘जलसाघर’ केले आणि १९५९ला ‘अपूर संसार’ आणला. त्यातही मृत्यू आहे, शोक आहे, पण शेवटी बाप मुलाला खांद्यावर घेऊन निघतो. तो चित्रपट लोकांनी उचलून धरला.

तेव्हा तुमच्या प्रस्तावात ‘प्रेक्षकांनी नाकारला’ असं लिहिण्याआधी चार प्रश्न विचारा. कोणत्या प्रेक्षकांनी? कुठे, आणि कोणत्या आठवड्यात? कारण कोण सांगतंय आणि घटनेनंतर किती वर्षांनी? आणि तसाच असूनही चाललेला दुसरा चित्रपट आहे का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘आहे’ असं आलं, तर तुमचा विषय तिथून सुरू होतो.