डहाणूच्या गुरुजींचा आकडा

आम्ही वावरच्या बचत गटातल्या. आज आकड्याची गोष्ट आहे, पण रेडिओ बंद करू नका. आम्हालाही आकड्यांची धास्तीच होती.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, खाली समुद्रकाठी, डहाणू आहे. तिथं 17 जानेवारी 1905 ला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. आठ वर्षांचे होते तेव्हा आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. पोराला मात्र आकडेमोडीचाच नाद लागला. ठाण्यात शाळा झाली, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, आणि 1930 पासून 1962 पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. मोखाड्याहून त्र्यंबकच्या वाटेनं नाशिकला गेलं की देवळाली जवळच.

या गुरुजींनी एक गंमत शोधली. पाटी घ्या. चार अंकांची संख्या लिहा, चारही अंक सारखे नकोत. समजा 3524. आता अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, 5432. मग उलटे, 2345. वजा करा, 3087 उरले. पुन्हा तसंच. 8730 मधून 0378 गेले, 8352 उरले. शून्य धरायचं, सोडायचं नाही. अजून एकदा, 8532 मधून 2358 गेले, 6174.

आता 6174 चे अंक मांडा. 7641 वजा 1467, परत 6174! कुठूनही निघा, सात फेऱ्यांच्या आत इथंच येता. गुरुजींचं जन्मसाल 1905 घेतलं तर बरोबर सात फेऱ्या लागतात. आम्ही करून पाहिलं, दोन पाट्या भरल्या.

तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी हे मनावर घेतलं नाही. शाळेतल्या मास्तरचा पोरखेळ, असंच धरलं. गुरुजी पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. 1975 मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. 1986 मध्ये गुरुजी गेले. 6174 ला आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

आम्हाला हे का कळलं, ते सांगतो. मागे गटाच्या वहीत आणि पेटीत 270 रुपयांचा फरक आला. वही सांभाळणाऱ्या बाईकडे सगळ्या बघायला लागल्या. कोणी तोंडानं बोललं नाही, पण तिला कळत होतंच. तिनं वही आणून समोर ठेवली. “दुसरीला द्या,” म्हणाली.

एकीची कॉलेजात शिकणारी लेक तिथं होती. तिनं 270 चे अंक मिळवले. दोन, सात, शून्य, झाले नऊ. “मावशी, अंकांची अदलाबदल झालीय का बघा,” म्हणाली. दहाच्या घरातला अंक एकाच्या घरात गेला, तर दर एकामागे नऊ कमी होतात. शंभराच्या घरातून दहाच्या घरात गेला, तर नव्वद. म्हणून अंक हलले की फरक नेहमी नऊच्या पाढ्यात पडतो. गुरुजींच्या वजाबाक्याही तशाच, 6174 चे अंक मिळवून बघा, अठरा. गुरुजींचं नाव आम्ही तिच्याच तोंडून ऐकलं.

नऊच्या पाढ्यातला फरक दुसऱ्या चुकीनंही येऊ शकतो, म्हणून पान न् पान तपासलं. एका ठिकाणी 360 जमा होते आणि वहीत 630 लिहिले होते. लिहिणारी आमच्यातलीच एक होती, त्या दिवशी वहीवालीला ताप होता म्हणून हिनं लिहिलं होतं.

वही आम्ही पुन्हा तिच्याच हातात दिली. तिनं घेतली, पण तासभर कोणाशी बोलली नाही.