फिरत्या घराची चूल

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. पण त्या बिऱ्हाडात चूल नसते. माणूस घर सोडून हिंडावयास निघाला, की शिजलेले अन्न, रात्रीचा उजेड आणि थंडीतली ऊब ही तिन्ही त्याच्या मागोमाग निघतात. इंग्लंडात ज्याला कॅरव्हॅन आणि अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, त्या फिरत्या घराचा इतिहास पाहावयाचा तर चाकांपेक्षा चुलीकडे लक्ष ठेवावे. आज तिकडे एका नव्या प्रश्नाची चर्चा आहे. गॅसची टाकी मुळीच नसलेला, केवळ विजेवर चालणारा लहानसा ट्रेलर घ्यावा काय? या प्रश्नाची मुळे बरीच मागे जातात.

१८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टराने ब्रिस्टलच्या एका गाडी-कारखान्याकडून स्वतःसाठी एक घर-गाडी बांधून घेतली. तिचे नाव 'वाँडरर'. दोन घोडे ती ओढीत आणि डॉक्टरांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता पाही. त्या थाटातही स्वयंपाक होई तो तेलाच्या स्टोव्हवर. पुढे अमेरिकेत ज्याने या धंद्याला रूप दिले, त्या वॉली बायमची गोष्ट निराळी नाही. पोरवयात मेंढ्या राखताना तो गाढवाच्या गाडीत राहत असे आणि त्या गाडीत रॉकेलची चूल होती. १९३६ साली त्याच्या एअरस्ट्रीम कंपनीचा अॅल्युमिनियमचा 'क्लिपर' निघाला. त्यात चौघांच्या निजण्याची सोय होती, पाणी होते आणि विजेचे दिवेही होते. त्याची घडण मात्र हॉली बोलस या विमान-कारागिराच्या १९३४ च्या ट्रेलरवरून घेतलेली होती. लिंडबर्गचे अटलांटिक ओलांडणारे विमान ज्याच्या देखरेखीखाली बांधले गेले, तोच हा बोलस. हा गृहस्थ पुन्हा भेटेल.

तेव्हा वीज आली, पण ती दिव्यापुरती. चुलीपर्यंत ती का पोचली नाही? याचे उत्तर हिशेबात आहे आणि तो हिशेब आपल्या घरच्या सिलिंडरवर करता येतो. त्यातला गॅस १४.२ किलो, त्यापासून मिळणारी उष्णता विजेच्या मापाने सुमारे १८० युनिट. रिकामे सिलिंडर धरून एकूण वजन तीस किलोच्या आसपास. आता तितक्याच वजनाची शिशाची बॅटरी घ्या. तिच्यात सव्वा युनिट वीज मावते. तीही निम्म्याहून अधिक काढली तर बॅटरीचे आयुष्य घटते. एकीकडे एकशेऐंशी, दुसरीकडे जेमतेम पाऊण! चुलीला गॅस लावणारे लोक जुनाट विचारांचे नव्हते. त्यांचे गणित बरोबर होते.

शीतकपाटाचेही असेच झाले. १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातील फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ज्योतीच्या उष्णतेवर थंडावा निर्माण करणारे यंत्र काढले. ज्योत पेटवून बर्फ करणे हा खरोखर नवलाचा प्रकार. त्याला मोटर लागत नाही, आवाज होत नाही. फक्त गाडी सपाट जागी उभी हवी. अशा साधनांच्या बळावर १९५७ साली एअरस्ट्रीमने 'इंटरनॅशनल' हा स्वयंपूर्ण ट्रेलर आणला. बाहेरच्या तारेवाचून उजेड आणि गरम पाणी मिळू लागले. रानात मुक्काम करण्याचे स्वातंत्र्य मुख्यतः गॅसने दिले, हे विजेच्या कैवाऱ्यांनी विसरू नये.

त्या स्वातंत्र्याची किंमतही होती. बंद खोलीत ज्योत जळते, हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. निजण्याची जागा आणि चूल यांत चार हातांचेही अंतर नसलेल्या घरात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

पारडे फिरले ते रसायनामुळे. १९९७ साली टेक्सासमध्ये अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लोह-फॉस्फेटाचा लिथियम बॅटरीतील उपयोग प्रसिद्ध केला. दहा युनिट वापरता यावीत म्हणून शिशाच्या बॅटऱ्यांचा जो भार पाचशे किलोपर्यंत जाई, तो नव्या बॅटऱ्यांत शंभर किलोच्या आत आला. २०२२ साली बोलसचेच नाव पुन्हा धारण करणाऱ्या कंपनीने 'व्होल्टेरा' हा सर्वस्वी विजेवरचा ट्रेलर आणला. पुढच्याच वर्षी लाइटशिप कंपनीने सुमारे ८० युनिटांची बॅटरी आणि स्वतःची मोटर असलेला ट्रेलर दाखविला. मोटर कशासाठी? विजेच्या मोटारीमागे ट्रेलर लावला, की एका भरणीत तिचा पल्ला निम्म्यावर येतो, म्हणून. हे ट्रेलर श्रीमंतांचे आहेत. पण लहान ट्रेलरलाही तोच हिशेब लागू पडतो.

दोन माणसे धरा. इंडक्शन शेगडीला दिवसाला दीड युनिट, शीतकपाटाला पाऊण, आंघोळीच्या वीस लिटर पाण्याला पाऊण आणि दिवे, पंप, पंखा यांना अर्धे. साडेतीन युनिट झाली. दहा युनिटांच्या बॅटरीवर तीन दिवस जातात आणि छपरावरच्या चारशे वॅटच्या सौरपट्ट्यांवर चांगले ऊन पडले, तर रोज दीड-दोन युनिट परत येतात. रात्रभर वातानुकूलन हवे असेल तर मात्र एका रात्रीत पाच युनिट गेलीच समजा. म्हणून ट्रेलर घेणाऱ्याने आधी छपराचे क्षेत्र आणि भिंतीची जाडी पाहावी, मग बैठकीचे कापड. विकणारे नेमके उलट क्रमाने दाखवितात.

एवढे करूनही थंडी उरते. रॉकी पर्वतात हिमाची रात्र असेल, तर साध्या विजेच्या हीटरला दहा-बारा युनिट लागतात, म्हणजे सबंध बॅटरी. शिवाय गोठणबिंदूखाली या बॅटऱ्या भरता येत नाहीत. भरल्यास कायमच्या बिघडतात. तेव्हा सकाळी ऊन आले, तरी छपरावरून उतरणारी पहिली वीज बॅटरी भरण्यासाठी नव्हे, तर ती ऊबदार करण्यासाठीच खर्ची पडते. आणि घरातली माणसे तोवर पांघरुणात चहाची वाट पाहत बसतात.